शिवेवरचा दगड

दसरा जवळ आला की एका दगडाची फिर्याद आठवते, आणि दिवसभर मन लागत नाही.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मी हैदराबादेत फौजदार होतो. सोबतचे बहुतेक मराठी अंमलदार मराठवाड्यात गेले. मी सुलतान बाजारातल्या खोलीत एकटा उरलो. शहराभोवतीचा अतराफ-ए-बलदा हा निजामाच्या खाजगी मालकीचा ग्रामीण जिल्हा त्याआधीच मोडला होता. आजच्या दिलसुखनगरच्या पुढे, शहर संपून तो जिथे सुरू होई, तिथे शेतात हद्दीचा एक दगड मात्र उभा होता. जिल्हा गेला तरी शेजारचे दोन शेतकरी त्यावरूनच आपापली जमीन ओळखत. पुनर्रचनेनंतरच्या पहिल्याच दसऱ्यानंतर तो दगड नाहीसा झाला.

एकाने दुसऱ्यावर फिर्याद दिली. काहीतरी जड हातगाडीवरून शहराकडे गेले, एवढेच खबऱ्याने सांगितले. ऐन रब्बीच्या पेरणीत संशयित कोठडीत बसला. कितीही दरडावले तरी त्याचे एकच, "मैं नै उठाया साब." खोटे बोलणारा बहुधा लांबलचक हकिकत सांगतो. हा एका वाक्यापुढे जाईना, म्हणून मी पुन्हा जागेवर गेलो.

खड्ड्यापाशी वाळलेली पाने होती. हवालदार म्हणाला, "साब, ये जम्मी नै. हमारे लोगां दसरे कू जम्मी बांटते."

त्याच्या तेलुगू लोकांची जम्मी म्हणजे शमी; ही पाने आपट्याची होती. म्हणजे येथे मराठी माणूस आला होता. त्या जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतले मराठी कारकून दरवर्षी याच दगडाशी सीमोल्लंघन करीत. त्यांतले आता एकच शहरात होते, जामबागेत राहणारे एक निवृत्त कारकून.

दगड त्यांच्या ओसरीवरच होता, कुंकू लावलेला.

"काका, हा का आणलात?"

"सगळे औरंगाबादला गेले हो साहेब. यंदा शिवेवर मी एकलाच. सोनं द्यायला कुणी नव्हतं, म्हणून दगडालाच दिलं. मग त्याला तिथं सोडून पाय निघंना. हातगाडीवाल्याला पैसे देऊन घरी आणला."

"याच्यापायी एक शेतकरी कोठडीत आहे."

त्यांचा चेहरा उतरला. टोपी घालत ते उठले. "पयले त्याला सोडा. दगड घेऊन जावा."

शेतकरी त्याच दिवशी सुटला. पंचांसमक्ष दगड जागेवर बसवला. काकांना कोर्टाने समज देऊन सोडले.

चोरीमागे लोभ शोधायची आम्हा पोलिसांना सवय असते. तेव्हापासून मी आरोपीला आधी विचारू लागलो, घरी कोण कोण आहे?

पुढच्या दसऱ्याला मी आपटा घेऊन शिवेवर गेलो. काका दगडापलीकडे उभे होते. "यंदा दोघं आहोत," असे म्हणून त्यांनी मला सोने दिले. मीही त्यांना दिले.

काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दगडही रस्त्याखाली गेला. दसऱ्याला मी अजून आपट्याची दोन पाने खिशात घालून तिकडे जातो, आणि दोन्ही घेऊन परत येतो.