भावजींची धास्ती

पालघरपासून दांडीपर्यंत आमच्या भावजींइतका भित्रा माणूस जन्माला आलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. घराला कुलूप लावून निघाले, की बेटेगावला पोचल्यावर ते ओढून बघायला पुन्हा बोईसरला परतायचे. दांडीला आमच्याकडे आले तर वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीतसुद्धा बसायचे नाहीत. "भरती काय सांगून येते?" म्हणायचे. "सांगूनच येते, जावयबापू!" आई पदर तोंडाला लावून हसायची. अशा माणसाला नोकरी मिळाली ती रक्तपेढीत. तिथे पिशवीवरचं नाव तीनदा वाचायचे आणि चौथ्यांदा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

गेल्या वर्षी आईच्याच पोटातून रक्त जायला लागलं. आधीच महिनाभराच्या खोकल्याने खंगलेली. दवाखान्यात नेईपर्यंत ओठ पांढरेफटक पडले. तिच्या रक्ताचा नमुना घेऊन मी रक्तपेढीत धावलो. थोड्या वेळाने भावजी बाहेर आले ते घामाने डबडबून.

"पेशी तपासल्या तर गट येतोय एबी. रक्तातलं पिवळं पाणी तपासलं तर ओ. एका माणसाचे दोन गट नसतात रे!"

"मग खरा कुठला?"

"ठाऊक नाही. ओ सगळ्यांना चालतं म्हणावं, तर यांच्या रक्तात त्याच्याही गुठळ्या होताहेत. चुकलो तर आपण दिलेलं रक्तच त्यांना मारेल."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. जुन्या कागदावर ए आहे, तेच पाठवा, वेळ नाही. वाण्यालाही कधी उलट न बोललेले भावजी ओरडले, "नाही पाठवणार! अर्धा तास द्या!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोकल्याच्या आजारानंतर कधी कधी रक्तात असं काही तयार होतं, की ते गार झालं की पेशी एकमेकींना चिकटतात. मग तपासणी फसते. नवा नमुना आण, पण कोमट पाण्याच्या थर्मासात."

थर्मास छातीशी धरून मी धावलो. भावजींनी पेशी मिठाच्या कोमट पाण्याने धुतल्या, सगळं उबेत ठेवून पुन्हा तपासलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: ए.

रक्त यंत्रातून ऊब देऊन सावकाश चढवलं. पिशवी संपेपर्यंत भावजी आईचे तळपाय हातात धरून बसले होते. तिने डोळे उघडले.

"भ्यालात काय, जावयबापू? हात कापताहेत तुमचे."

"रोजच कापतात, आई," ते म्हणाले. "एरवी माणूस समोर नसतं, एवढंच."

इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो होतो. त्या दिवशी मान वर करून त्यांच्याकडे बघणं काही मला जमलं नाही.