वर्षाचं सरपण

फेब्रुवारीत आमच्या घरातले पेलेट संपले. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, करंगळीच्या पेराएवढ्या. इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या बाहेर आमच्या गावात गॅसची लाइन नाही, त्यामुळे आमचं घर त्यांच्यावरच गरम होतं. गॅरेजमधून पिशवी आणायची, बॉयलरच्या पोटात ओतायची, की झालं. ओतायचं काम माझं आणि मागवायचं ह्यांचं. तेरा वर्षं ह्यांनी ते बिनबोभाट केलं. म्हणून त्या सकाळी गॅरेजमध्ये नुसती फरशी दिसली तेव्हा मला आधी चोरीच झाली असं वाटलं.

चोरी कसली! हे मागवायलाच विसरले होते. "मागवले की मी," असं दिवसभर म्हणत राहिले, तेही इतक्या ठामपणे की मी दोनदा गॅरेजमध्ये जाऊन परत बघून आले. मेमरी क्लिनिकने आदल्या वर्षी ज्या आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, ते मी घरात उच्चारत नव्हते. चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडलेला माणूस, एखादी ऑर्डर विसरला तर काय मोठंसं, असं मी स्वतःला समजावत होते. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, थंडीत सगळ्यांचीच घाई असते, दोन आठवडे लागतील. ते दोन आठवडे आम्ही एका खोलीत, एका इलेक्ट्रिक हीटरसमोर, शाली गुंडाळून काढले.

हे लेकीला कळलं आणि ती लंडनच्या स्टॅनमोरहून तडक आली. लेक इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. तिचं मराठी मायेचं आहे पण लंगडतं. कोट न काढताच म्हणाली, "आई, हा असं नाही चालणार. एजवेअरला एक ग्राउंड फ्लोअर फ्लॅट आहे, माझ्यापासून टेन मिनिट्स. तू एकटी बाबांचा सगळा नाही करू शकत."

मी भांडले. चांगली कडकडून भांडले. ह्या घरात ह्यांचे पाय ह्यांच्या डोक्यापेक्षा शहाणे आहेत. दिव्याचं बटण, न्हाणीघराचा दरवाजा, चहाच्या कपांचं कपाट, सगळं पायांना आणि हातांना बरोबर सापडतं. नव्या फ्लॅटमध्ये नेलं तर तेही जाईल, आणि मग उरेल काय? शेवटी लेकीने एक बोट वर केलं. "ओके. एक विंटर. तू सगळं टाइमवर मॅनेज केलीस, तर मी फ्लॅटचा नाव परत काढणार नाही. नाहीतर तुम्ही दोघं एजवेअरला."

म्हणजे आमचं घर राहणार की जाणार, ते आता त्या भुशाच्या कांड्यांवर ठरणार होतं.

मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. एक नमुना, एक उत्तर. मला वाटलं, पेलेट कधी घ्यावेत ह्याचंही एक उत्तर असेल, ते शोधायचं आणि मोकळं व्हायचं. कसचं काय!

शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, कुणालाच नको असतात तेव्हा घ्यावेत, मे-जूनमध्ये. भावही बरा आणि गाडीही लगेच येते. पटलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, सप्टेंबरशिवाय घेऊ नका, उन्हाळाभर पडून राहिले तर गॅरेजमधला ओलावा धरतात. तेही पटलं. कंपनीची मुलगी म्हणाली, लवकर घेतलेलं बरं, पण तुमची जागा कोरडी आहे ना? मी म्हटलं, कोरडी म्हणजे किती कोरडी? ती म्हणाली, कोरडी म्हणजे कोरडी. स्टॅनमोरच्या माझ्या मैत्रिणीने जन्मात पेलेट पाहिलेले नाहीत, तरी तिने पाऊण तास सल्ला दिला. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, खरं आहे. पण मनाला तरी कुठे काय कळत होतं?

मग मी ह्यांनाच विचारलं. तेरा वर्षं केलंय ना, आठवत असेल.

"अहो, आपण पेलेट कधी मागवायचो?"

"जूनमध्ये," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "दिवाळीनंतर. तेव्हा भाव पडतात."

तिसऱ्या दिवशी, "कसले पेलेट? आपल्याकडे गॅस आहे."

आणि प्रत्येक उत्तर असं, की समोर एक्स-रे लावून पेशंटला सांगताहेत. मला राग यायचा, मग रागाचीच लाज वाटायची. एकदा तर मी ओरडले, "एकदा काय ते नक्की सांगा ना!" हे घाबरून बघत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, धुतलेलीच.

शेवटी मेच्या सुरुवातीला धीर करून फोन लावला. वर्षाला आम्हाला तीन थप्प्या लागतात, एकेका थप्पीत साठ-पासष्ट पिशव्या. एक आत्ता पाठवा, म्हटलं, आणि दोन माझ्या नावावर धरून ठेवा, महिनाअखेर सांगते. धड लवकर नाही, धड उशिरा नाही. असा निर्णय मी लॅबमध्ये घेतला असता तर मला घरी पाठवलं असतं.

गाडी आली ती नेमकी भुरभुर पावसात. पिशव्या प्लॅस्टिकच्या, पण त्यांना बारीक बारीक भोकं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पाण्यापासून दूर ठेवा. आणि आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर हाताएवढा ओलसर डाग! तो डाग आधीपासून होता की आत्ता पडला? ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी रोज सकाळी जाऊन भिंतीला हात लावायचे. कधी ओली वाटायची, कधी नुसतीच गार.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, त्यात काय! एक दिवस ऊन दाखव. आपल्या आया नव्हत्या का वर्षाचे गहू भरायच्या आधी गच्चीवर घालत?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाशिकला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आई जुन्या चादरी अंथरून गहू पसरायची, मी राखणीला. चांगलं कडकडीत ऊन खाल्लेल्या गव्हाला वर्षभर कीड नाही की बुरशी नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला एक गोष्ट पुरती कळली असं वाटलं.

मेअखेरच्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीच्या, सोमवारी आकाश निळंभोर होतं. लेक जेवायला येणार होती. तिच्या आधी उरकून टाकू म्हणून मी अंगणात सात-आठ चादरी अंथरल्या आणि एकामागून एक वीस पिशव्या फोडल्या. हे दारात उभे राहून बघत होते. मग बाहेर आले, चपला काढल्या, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी पेलेट पसरायला लागले. पातळ, एकसारखे, मध्ये बोटांनी रेघा काढत. "जाड थर नको," मला म्हणाले, "खालचं वाळत नाही." कितीतरी महिन्यांत ह्यांना असं पुढचं काम आपणहून माहीत असलेलं मी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी आमरस करायचा ठेवून तिथेच पायरीवर बसले.

लेक आली ती बाजूच्या फाटकातून. अंगणभर चादरी, चादरींवर पेलेट, बाप अनवाणी, आई पायरीवर हसतेय. ती आ वासून उभी राहिली.

"आई, काय करतेस तू?"

"ऊन दाखवतेय."

"कोणाला?"

मी समजावायला तोंड उघडलं आणि माझ्या हातावर थेंब पडला. वर बघते तर शेजारच्यांच्या झाडांमागून काळा ढग आलेला. ह्या देशात एवढी वर्षं काढली मी! इथल्या उन्हावर विश्वास ठेवला, कप्पाळ माझं! "अगं, पळ! चादरी उचल!" मी ओरडले. पण एकेका चादरीवर दोन-तीन पिशव्यांचं ओझं, ती उचलतेय कुठली? चादर ओढली की पेलेट गवतात सांडत होते. पाणी लागलं की ते फुगतात आणि त्यांचा परत भुसा होतो, हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पाच मिनिटांत अंगणात नुसता लगदा झाला.

हे मात्र भिजत तिथेच होते, दोन्ही हातांनी पेलेट छातीशी गोळा करत. लेक त्यांना उठवायला गेली. ह्यांनी मान वर केली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "अहो ताई, तुम्ही जरा ते टोक धरता का? आमची मुलगी यायचीय, ती आली की तुम्हाला सोडतो."

लेकीने ओल्या बाह्या वर सारल्या. मग तिने ते टोक धरलं. दोघांनी मिळून ती एक चादर गॅरेजमध्ये नेली. तिच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि ते पावसाचंच आहे असं मी स्वतःला सांगितलं.

जेवताना ह्यांना सगळं ठीक आठवत होतं. लेकीला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारून आमरस वाढायला सांगितला. ती फ्लॅटबद्दल अवाक्षर बोलली नाही. मी वाट बघत होते तिने बोलावं, म्हणजे मला भांडता आलं असतं. जाताना फाटकाशी तिने मला घट्ट धरलं आणि एवढंच म्हणाली, "मला खूप भीती वाटतो, आई." मी तिला सांगितलं नाही, पण मलाही वाटत होती. पोटच्या मुलीला हा माणूस ह्याच घरात, ह्याच अंगणात ओळखू शकला नव्हता. मग मी घर कशासाठी धरून बसले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन केला. "राहिलेल्या दोन थप्प्या नकोत," मी म्हणाले. ती मुलगी म्हणाली, आत्ताच घ्या, ह्याहून चांगली वेळ मिळणार नाही, आणि आहे त्यात तुमचा हिवाळा निघायचा नाही. मी म्हटलं, नाताळपर्यंत निघेल. तेवढंच पुरे.

हे समोर चहा पीत होते. मी फोन ठेवला तशी कप खाली ठेवून म्हणाले, "नकोत काय? अगं, सरपण वर्षाचं एकदम भरायचं असतं. मे-जूनमध्ये, ऊन असताना. थंडीत मागायला गेलं की कुणी देत नाही."

तीन महिने मी हेच उत्तर साऱ्या गावाला विचारत फिरत होते.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. ह्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला, आणि फ्लॅट बघायला कधी येऊ ते विचारायला लेकीला फोन लावला.