दोन तासांची सुट्टी

रशियन युद्धपट पाहून मी आजवर भरपूर रडले आहे, आणि हे मी लोकांना अभिमानानं सांगत असे. आपलं मन किती हळवं आहे याचा तो दाखलाच वाटायचा मला. आता तसं सांगवत नाही.

पुण्यात एम. ए. करत असताना फिल्म क्लबात असा पहिला चित्रपट पाहिला. घरी रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं होती. वडील शाळामास्तर, पुस्तकांची गाडी गावात आली की स्वस्तातली चार पुस्तकं ते घेऊन यायचे. त्यामुळे बर्फ, जाड कोट, चहाचा समोवार हे सगळं ओळखीचंच होतं. पण पडद्यावरचं प्रकरण वेगळं होतं. लढाई जवळजवळ दिसतच नव्हती. दिसत होती ती मागे राहिलेली मुलगी. तिचा चेहरा इतका वेळ पडद्यावर राहायचा की शेवटी नजर आपणच खाली वळवायची.

सोलापूरच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं इतिहास शिकवते आहे. दरवर्षी मुलांना अशा पठडीतला एक चित्रपट दाखवायचा, हा मीच पाडलेला रिवाज. खिडक्यांना चादरी लावून सभागृहात अंधार करायचा. सोलापुरात चादरींना काय तोटा! विणकरांच्या घरातली मुलंच त्या घेऊन येतात.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आमच्या विभागात एक नवी बाई शिपाई म्हणून लागली होती. तिशीच्या आतली, करमाळ्याकडची. सासरी शेरडं-मेंढरं आणि थोडी जिरायती. नवरा फौजेत. मुलीच्या शाळेसाठी ती सोलापुरात खोली घेऊन राहिली होती. कामाला चोख, बोलायला कमी.

महाविद्यालयाच्या तपासणीसाठी समिती यायची होती, आणि सगळी जबाबदारी माझ्यावर. सकाळी दहाच्या सुमारास मी फायली लावत होते, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, दोन तास सुट्टी देता का?"

"आज?"

"मालक गावाकडनं निघाल्यात, परस्पर ठेसनावर येत्यात. रजा मोडली त्यांची. पल्टनीतनं काल सांजच्याला फोन आला. दुपारची गाडी हाय. पोरीला घिऊन ठेसनावर जाऊन येते की."

सीमेवर काय चाललंय ते वर्तमानपत्रातून मला ठाऊक होतं. रोज वाचत होते, स्टाफरूममध्ये त्यावर बोलतही होते. तरी मी मान वर न करता म्हणाले, "अगं, समिती दारात आली आहे. आजच कसं जमेल? फोनवर बोल ना. आता तर व्हिडिओ कॉल करता येतो. समोर बसल्यासारखंच असतं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

समिती बारा वाजता येणार होती, ती आली तीनला. मधले तीन तास आम्ही सगळे नुसते बसून होतो. त्या तीन तासांत तिला बोलावून 'जा, जाऊन ये' म्हणावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दिली नाही सुट्टी, ते एक वेळ कामाच्या घाईत झालं म्हणता येईल. पण मी विसरले. ती बाहेर स्टुलावर बसलेली मला दारातून दिसत होती, आणि तरी मी विसरले.

तीन-एक आठवड्यांनी आम्ही चित्रपट दाखवला. नदीकाठचं गाव, एक तरुण शिक्षिका आणि तिचा सुतारकाम करणारा मित्र. त्याला युद्धावर जायचा हुकूम येतो. तिला निरोप मिळतो तेव्हा ती लांब शेतावर असते. ती चिखलातून धावत धक्क्यावर पोचते तर बोट नदीच्या मध्यावर गेलेली. ती हाक मारते आणि नेमका तेव्हाच बोटीचा भोंगा वाजतो. तो पाठमोरा उभा. ती आली होती हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे तिचं थांबणं.

मी हा प्रसंग आठ-दहा वेळा तरी पाहिला असेल. तरी रडले. पोरीही रडल्या. मुलं उगाच मोबाईल चाळत बसली. दिवे लागल्यावर मी उभी राहिले आणि बोलले. डोळे पुसत बोलले. म्हणाले, "युद्ध माणसं मारतं हे आपण शिकतो. पण युद्ध निरोप घेऊ देत नाही, हे इतिहासाच्या पुस्तकात नसतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.

मुलं गेल्यावर ती आणि मी चादरी उतरवत होतो. ती दाराशी उभी राहून चित्रपट पाहत होती, हे तेव्हा मला कळलं.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"त्या पोरीला उशीर का झाला?"

पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं तिला वाचता आली नसतील हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, "तिला निरोप उशिरा मिळाला गं. ती शेतावर होती."

तिनं हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "मला येळंवर मिळाला हुता," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "फोन येतो ना त्यांचा?"

"गेल्यापास्नं दोनदा आला. आता अकरा दिस झालं, न्हाय."

अकरा दिवस ती रोज माझ्या टेबलावर पाणी आणून ठेवत होती.

मी माफी मागितली. तीसुद्धा धड मागता आली नाही. समितीचं दडपण होतं, मला कळलं नाही, तू नीट सांगायला हवं होतंस, असलं काहीतरी बरळले. तिनं नीटच सांगितलं होतं. "जाऊ द्या की बाई," ती म्हणाली. मला हलकं करायला तिनं ते म्हणावं, ही माझी अपेक्षा होती आणि ती तिनं पुरी केली.

त्या रात्री मी फार झोपले नाही असं लिहिलं असतं, पण झोपले. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिच्याकडे बघणं जमेना. स्वतःशीच विचार करत राहिले: त्या चित्रपटांवर मला इतकं रडू का येतं? तिथं ताटातूट युद्ध करतं. कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून सगळ्यांना मोकळेपणानं रडता येतं. इथं ती मी केली होती, फायलीवरून मान वर न करता.

चौदाव्या दिवशी फोन आला. तो सुखरूप होता. त्यांच्या ठाण्यावर संपर्कच बंद होता. तिनं मला येऊन सांगितलं आणि मी तिच्यासमोर रडले. तेही पुन्हा माझंच रडणं.

दिवाळीनंतर तो रजेवर आला तेव्हा मुलीला घेऊन दोघं मला भेटायला आले. उंच, शांत माणूस. अक्रोडांची पिशवी टेबलावर ठेवून हात जोडून म्हणाला, "बाई, ही सांगत हुती. त्या दिवशी तुमी लई म्हनला हिला, ठेसनावर जा म्हनून. पर हिलाच ताप भरला, उठवंना. तरी तुमी म्हनला त्ये म्हनला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती मुलीच्या वेणीची रिबन बांधत होती.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "असू दे, असू दे. त्यात काय." आणि अक्रोड घेतले.

तो परत गेल्यावर मी तिला गाठून विचारलं, "असं का सांगितलंस गं त्यांना?" मनातून मला वाटत होतं, माझी लाज राखायला तिनं हे केलं. त्याबद्दल तिचे आभार कसे मानायचे, याचीही मी जुळवाजुळव करून ठेवली होती.

ती म्हणाली, "तितं त्यास्नी डोकं शांत लागतंय, बाई. मनात कुनाचा राग घिऊन उभं ऱ्हायचं म्हंजे बरं न्हवं."

माझी लाज राखणं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.