कुंद्याची वाटणी
कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या त्या मिठाईचा, डबा उघडला की त्या खरपूस वासासरशी मी वडगावच्या घरातल्या मागाच्या खडखडाटात जाऊन बसते. पंचाऐंशीच्या आसपासची गोष्ट, मी नवी सून. थोरली माणसं धाकट्यांना किती देतात हे पाहायला कॉलेजातले अर्थशास्त्राचे एक सर कुंदा घेऊन घरी आलते. खेळ असा, की सासऱ्यांनी वाटायचं. वाटा पटला नाही तर मी 'न्हाय' म्हणायचं, मग दोघांनाही काही मिळणार नाही. गल्ली दारात जमली. आमच्यात सासऱ्यांपुढं सून तोंड उघडत नसे. त्यांनी चमचाभर दिला असता तरी मी 'हो' म्हणून मान हलवली असती, तीही सगळ्यांदेखत. सासऱ्यांनी माग थांबवला, माझ्याकडं पाहिलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "अहो, वाटायचं तुम्ही!" सर म्हणाले. "तिला न्हाय म्हणता यायचं न्हाय, सर. मला येतंय. मग वाटू दे की तिलाच." मी मधोमध दोन वाटे केले. आज, इतक्या वर्षांनी, सासू म्हणून वाटणारी मी होते. वाटा बघून माझी सून म्हणाली, "न्हाय, एवढ्यानं भागायचं न्हाय." ऐकून लई बरं वाटलं.