पहिल्या रांगेतला आवाज

सर्जेराव हवालदार फौजेतून घरी आले, पण कवायतीचा आवाज तसाच राहिला. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात पतसंस्थेची वार्षिक सभा असली, की लबाड अध्यक्ष त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवायचा. विषय वाचून व्हायच्या आत हवालदार गरजायचे, "मंजूर!" मागून सगळी सभा तेच ओरडायची आणि जेवणाला पळायची.

गेल्या वर्षी बायडाबाई उभ्या राहिल्या. "आवं, संचालकांनी सवताच्याच पोरास्नी किती कर्ज वाटलं, त्ये..." पुढचं हवालदारांच्या 'मंजूर'खाली गेलं. सभा हसली. हवालदारही हसले.

यंदा संस्था बुडाली. बायडाबाईंची सगळी ठेव त्यातच होती. तेव्हापासून हवालदार देवळातल्या आरतीलाही तोंड उघडत नाहीत.

परवा सरकारी प्रशासकानं सभा घेतली. "कुणाला काही विचारायचंय?" हवालदार शेवटच्या रांगेतून उठले, मान खाली घालून बायडाबाईंपाशी गेले.

"वैनी, तुमचा त्यो प्रश्न आज पुरा इचारा. म्या गप बसतो."

बायडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता कशाला, भावजी? उत्तर कळलं की समद्या गावाला."