गाळ्याचा दुसरा मालक

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या बीपीच्या गोळ्यांपासून बँकेच्या पासवर्डापर्यंत बायकोला सगळं ठाऊक आहे, हे मात्र नाही. आणि आता सांगतोय ते खचून-बिचून नव्हे — तब्येत ठणठणीत आहे, धंदा जोरात आहे.

धंदा म्हणजे दुकानांचे गाळे भाड्याने लावून देणं. दलाल म्हणा, एजंट म्हणा, मला फरक पडत नाही. मालवणच्या बाजारापासून किनाऱ्यापर्यंत कुठला गाळा गळतो, कुठला मालक अनामत परत देताना कुरकुरतो, सगळं मला तोंडपाठ. तुम्ही म्हणाल, दलालाला कसलं आलंय कर्तव्य? आहे की. जागेत जो दोष मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला नुसतं बघून कळणार नाही, तो करार होण्याआधी सांगायचा. कायदाच आहे तसा. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी हे सांगतो, आणि सांगताना माझा आवाज जराही कापत नाही.

आता सुलभाचं. ती मासळी बाजारात बसायची, तिचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर जायचा. पर्यटक वाढले तसं तिच्या मनाने घेतलं की आपण खानावळ काढायची. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं मी खाल्लंय — खानावळ चालणार यात मला शंका नव्हती. तिने अंगावरचं सोनं मोडलं आणि माझ्याकडे आली. मी तिला किनाऱ्याच्या रस्त्यावरचा अण्णांचा गाळा दाखवला.

अण्णा निवृत्त शिक्षक. भिडस्त माणूस. सुलभाला गाळा पसंत पडला तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं आणि सांगितलं, की गाळा वडिलांनी बांधलेला, भावाभावांत वाटण्या अजून झालेल्या नाहीत. मुंबईचा धाकटा भाऊ हिस्सा मागतोय. परस्पर भाड्याने दिलात तर येऊन टाळं ठोकीन, असं त्याने फोनवर बजावलंय. घरातलं भांडण परक्या बाईपुढे उघडं करायचं म्हणजे अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं. “माका ह्या बोलूक जमाचा नाय. तूच तिका सांग रे,” म्हणाले. “आयकान तरी होय म्हणाली, तर दी.” मी म्हटलं, सांगतो.

नाही सांगितलं.

दलालीसाठी म्हणाल, तर नाही. ती मला दुसऱ्या गाळ्यातही मिळाली असती. पण हा गाळा कितीतरी दिवस रिकामा पडलेला, आणि मी चारचौघांत बोलून बसलो होतो — सीझनच्या आत लावून दाखवतो म्हणून. भावाचं ऐकलं असतं तर सुलभा मागे फिरली असती. आणि तो भाऊ कुठला येतोय? कित्येक वर्षं गावाकडे फिरकला नव्हता. मला माणसं ओळखता येतात. खरंच येतात. पण मी पैज लावली ती तिच्या सोन्यावर — माझं काय जाणार होतं?

आमच्याकडे नव्या जागेची चावी देताना राखणदाराला, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. माझ्या सौद्यांत ते मीच घालतो. आवाज खणखणीत आहे, लोक कौतुक करतात. त्या सकाळी मी नारळ हातात घेतला आणि सुलभाने हळूच विचारलं, “भाईनू, ह्या जागेत काय लफडां नाय मां?”

सांगायची वेळ ती होती. अजून सही व्हायची होती. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नारळ कपाळाला लावला आणि सुरू केलं — ह्या लेकराच्या वाटेत काय अडचण आसात, तर ती दूर कर. दोघं नवरा-बायको हात जोडून म्हणाली, “होय म्हाराजा.” करारातली कलमं तिने वाचली नाहीत. गाऱ्हाण्यावर तिचा विश्वास बसला. आणि मी देवाला जी अडचण दूर करायला सांगत होतो, ती मला नावानिशी माहीत होती. याला काय म्हणायचं? मला शब्द माहीत आहे, उगाच शोधल्याचं नाटक करत नाही.

मे महिन्यात, ऐन गर्दीत, भाऊ आला. टाळं ठोकलं. आत तिचा भरलेला फ्रीझर, मसाले, भांडी. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर माणसं जमली होती आणि सुलभा अण्णांना विचारत होती, आमका आधी कित्या नाय सांगलास? अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. “हेका सगळां म्हायत होतां. मीच सांगललंय.”

ती माझ्याकडे वळली. “भाईनू, खरां काय ह्या?”

“अण्णानू, कित्याक खोटां बोलतास?” मी म्हटलं. “माका कधी सांगलास तुमी?”

तोच खणखणीत आवाज. अण्णा वळले आणि घराकडे चालू लागले. घरातलं भांडण चारचौघांत आलं म्हणून जो माणूस आधीच अर्धमेला झालाय, तो रस्त्यावर माझ्याशी काय वाद घालणार? हे मला माहीत होतं. म्हणूनच मी बोललो.

पुढे मी धावपळ केली. वकील गाठला, भावाला समजावून तिचं सामान बाहेर काढून दिलं. मासळी तोवर कुजली होती, आणि जागेत घातलेलं सोनं जागेतच गेलं. आता ती घरामागच्या पडवीत चार टेबलं मांडून जेवण वाढते. भाईनी माका वाचवल्यानी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

तिच्या बहिणी, जावा सगळ्या मासळी बाजारात बसतात. अण्णांना तिथे कुणी मासे देत नाही. भांडत नाहीत — अण्णा समोर उभे राहिले की टोपलीवर फडकं ओढतात. समुद्र ज्याच्या दारातून दिसतो, तो म्हातारा पिशवी घेऊन एसटीने समुद्रापासून दूर कसालला जातो, बर्फातले बांगडे आणायला. स्टँडवर मला दिसतो. शिव्या देत नाही, नुसता बाजूला होतो.

आणि माझ्या घरी दर आठवड्याला सुलभाकडून ताजी सुरमई येते. पैसे ती घेत नाही. बायको तळते, आणि मी पोटभर जेवतो.