माझ्याकडे तोंड केलेली पेटी

माझा आवाज लहान आहे असं मला कधीच वाटलं नाही. देऊळघाटला आमचा भाजीचा मळा होता. विहिरीवरचं इंजिन सुरू असताना मी बांधावरून हाक मारली, की पार दुसऱ्या टोकाला वांगी तोडणारे बाबा मान वर करायचे. त्यामुळे बुलढाण्यातल्या आमच्या ऑर्केस्ट्राच्या पहिल्या कार्यक्रमानंतर मास्तर म्हणाले, "ताई, तुमचा आवाज बारीक पडते," तेव्हा मला रडू आलं नाही. मास्तर चुकताहेत, एवढंच वाटलं.

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. मास्तर अकॉर्डियन वाजवायचे आणि संचही तेच चालवायचे. लग्नाच्या बँडमधून आलेला एक ड्रमवाला होता, एक क्लॅरिनेटवाले होते, आणि गाणारी मी. सगळे सिनेमाची गाणी बसवायचो. तालमीत ती छान व्हायची. स्टेजवर चढलं की बिघडायची.

का, ते मला त्या पहिल्या कार्यक्रमातच कळलं होतं. ड्रम माझ्या डोक्यामागे, क्लॅरिनेट उजव्या कानाशी, आणि माझा आवाज कर्ण्यातून समोर लोकांकडे निघून जायचा. मला तो ऐकूच यायचा नाही. मग मी ओरडायचे. मी ओरडले की मास्तर अकॉर्डियन जोरात ओढायचे, आणि त्यात ठोके बुडतात म्हणून ड्रमवाला आणखी जोर लावायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत माझा सूर सुटलेला असायचा.

असे तीन-चार कार्यक्रम झाल्यावर पुढचा लोणारला होता. एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी, खास बायकांसाठी. हॉल छोटा, वर टिनाचं छप्पर. मी टाळी वाजवून पाहिली तर ती दोनदा परत आली.

"मास्तर," मी म्हटलं, "आज मांडणी मी सांगते. जमलं नाही तर पुढच्या वेळेपासून तुम्ही म्हणाल तसं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगा," म्हणाले.

मी आधी ड्रमवाल्याला माझ्यामागून काढून बाजूला बसवलं. शाळेतली जुनी सतरंजी मागवून ड्रममागच्या भिंतीवर टांगली आणि मोठ्या ड्रमच्या पोटात एक गोधडी कोंबायला लावली.

"ताई, गोधडी कायले?" ड्रमवाला म्हणाला. "आवाजच नाही निघाला तं लोकं म्हनतीन, हा काय वाजवून राह्यला?"

"निघेल दादा. इथं टिन आहे. तुमचा एक ठोका लोकांना तीनदा ऐकू येईल."

क्लॅरिनेटवाले स्वतःहून चार पावलं सरकले. राहिले स्पीकरवाले भाऊ. त्यांच्याकडे दोन कर्णे होते आणि स्पीकरची रेडिओएवढी एक लाकडी पेटी, जादा म्हणून आणलेली.

"भाऊ, ही पेटी माझ्याकडे तोंड करून ठेवा," मी म्हटलं.

ते हसले. "बाई, पेटी लोकाइसाठी रायते. तुमी तं गाऊनच राह्यल्या, तुमाले कायले पाह्यजे?"

"मला माझं गाणं ऐकायचं आहे."

त्यांनी पेटी माझ्या मागे ठेवली. माईक सुरू करताच अशी शिट्टी वाजली की दारात उभ्या असलेल्या बायकांनी कानांत बोटं घातली. "पाह्यलं?" भाऊ म्हणाले. मी पेटी उचलून पुढे आणली, जमिनीवर ठेवली, आणि खाली वीट लावून तिचं तोंड माझ्या चेहऱ्याकडे वर केलं. आता माईकची पाठ पेटीकडे होती. शिट्टी थांबली. पेटीचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोय नव्हती, म्हणून भाऊ तीच थोडी मागे, थोडी पुढे सरकवत राहिले. एका जागी मला माझा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"बस भाऊ, इथंच!"

"हाव," ते म्हणाले आणि वाकून नीट पाहू लागले.

हॉल भरला. पहिली दोन गाणी अशी झाली की मला गाताना हसू येत होतं. तिसरं गाणं ठेक्याचं. बायका टाळ्या देऊ लागल्या आणि ड्रमवाला रंगात आला. जोर वाढला, लगेच अकॉर्डियनही चढलं. पेटी असूनही माझा आवाज बुडायला लागला. ओरडायचं नाही हे मी ठरवूनच आले होते. मी उलट आवाज खाली आणला. पुढचं कडवं तर शेजारी बसलेल्या बाईला सांगावं तसं म्हटलं.

मास्तरांनी चमकून मान वळवली. मी गाण्यात कुठे आहे ते त्यांना कळेना. त्यांनी अकॉर्डियन आवरलं. ड्रमवाल्याने काठ्या हलक्या केल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत वाजवू लागला. टाळ्या थांबल्या. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पुढे झुकून ऐकत होत्या. मग मी हळूहळू आवाज वर नेला, आणि सगळे माझ्याबरोबर वर आले, माझ्या पुढे कुणी गेलं नाही. असं गाणं आम्ही त्याआधी कधीच केलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर अकॉर्डियनचे पट्टे सोडत म्हणाले, "आवाज तं चांगला मोठा आहे हो तुमचा." मी म्हटलं, "आहेच." ते खळखळून हसले. पुढच्या कार्यक्रमापासून मांडणी माझ्याकडेच राहिली.

परतीच्या एसटीत ड्रमवाला माझ्या पुढच्या बाकावर बसला होता. मेहकर येईपर्यंत बाकावर बोटांनी ठेका धरून होता. मग एकदम मागे वळला.

"ताई, त्या तिसऱ्या गान्यात ते बाई नवऱ्याले वापस बलावते का?"

"नाही, जा म्हणते."

"जा म्हनते?" तो थक्क झाला. "आन् मी इतके दिवस लग्नात वाजवून राह्यलो ते!"

क्लॅरिनेटवाले खिडकीत तोंड लपवून हसू लागले. मास्तरांनी विचारलं, "काऊन, बोल कधी आयकले नाही का बे?"

"कसे आयकीन?" तो म्हणाला. "मधात मीच होतो ना."